तासांची बेरीज चुकते तेव्हा: डेटाबेसमधले कालावधी कुठून तपासायला लागावं

हजेरी, ओव्हरटाइम, मशिनचा बंद वेळ, कॉल सेंटरचे कॉल, ट्रेनिंगचे तास. कालावधी साठवणाऱ्या ज्या सिस्टिम माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांतल्या बहुतेकांत मूळ दोष एकच निघतो. कालावधीला कोणीतरी घड्याळातली वेळ समजून तसा कॉलम केलेला असतो. सकाळचे साडेआठ आणि साडेआठ तासांचं काम दोन्ही ८:३० असंच लिहितात, पण पहिल्याची बेरीज करायचा प्रश्नच येत नाही आणि दुसऱ्याची दर महिन्याला करावी लागते. कालावधी हा साधा आकडा आहे, इतके सेकंद किंवा इतकी मिनिटं. तो आकड्यासारखा साठवावा, आकड्यासारखा मिळवावा आणि तास-मिनिटांचं रूप फक्त पडद्यावर किंवा कागदावर दाखवताना द्यावं. खालच्या सगळ्या तपासण्या या एका गोष्टीभोवती फिरतात.

उदाहरणं मुख्यतः मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरची आहेत, कारण लहान कारखान्यांच्या हजेरी सॉफ्टवेअरमध्ये मला तोच जास्त भेटतो. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर हे दुसरे डेटाबेस जिथे वेगळे वागतात, तिथे तसं सांगितलं आहे.

लक्षणं

- बेरीज १६:९५:०० किंवा २१५.८० अशी येते. मिनिटांच्या जागी ६० किंवा त्याहून मोठा आकडा दिसतो.
- बेरजेत फक्त पूर्ण तास येतात, मिनिटं गायब.
- बेरीज २४ तासांच्या वर जातच नाही, पुन्हा शून्यापासून सुरू होते.
- एकेका माणसाची बेरीज बरोबर, पण डिपार्टमेंटची ८३८:५९:५९ वर अडकलेली.
- रात्रपाळीवाल्याचे तास उणे १६ येतात. किंवा अधिक १६, जे जास्त वाईट.
- फरक नेमका साडेपाच तासांचा.
- काही जणांचे तास बरोबर दुप्पट, बाकीच्यांचे ठीक.
- दर महिन्याला पाच-दहा मिनिटांची तूट, कधीच न जुळणारी.
- एखाद्याची बेरीज रिकामी येते, किंवा तो म्हणतो त्यापेक्षा एक-दोन दिवसांनी कमी.

लक्षण आधी लिहून घ्या: फरक किती, कोणाकोणाचा, कोणत्या तारखेपासून. बहुतेक वेळा फरकाचा आकडाच दोष कुठे आहे ते सांगतो. उणे १६ तास आणि साडेपाच तासांचा फरक यांची कारणं पूर्ण वेगळी आहेत, आणि ‘अहो, बेरीज चुकतेय’ एवढ्यावर काम सुरू केलं तर अख्खा दिवस भलत्याच क्वेरीत (डेटाबेसकडून माहिती मागणाऱ्या आज्ञेत) जातो.

सगळ्यात आधी: एक माणूस, एक महिना, कॅल्क्युलेटर

एक कर्मचारी निवडा. त्याच्या एका महिन्याच्या कच्च्या ओळी डेटाबेसमधून काढा, रिपोर्टमधून नव्हे. प्रत्येक दिवसाची मिनिटं हाताने काढून बेरीज करा. फुकट काम आहे, कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच लोक टाळतात. पण बरोबर उत्तर काय, हे माहीत नसताना पुढची एकही तपासणी उपयोगाची नाही. निवडताना ज्याची निदान एक रात्रपाळी आहे आणि ज्याचा एखादा पंच (आत किंवा बाहेर जाण्याची नोंद) राहून गेला आहे असा माणूस घ्या. जनरल शिफ्टवाला सरळमार्गी माणूस घेतला तर सगळं बरोबर दिसेल.

पहिली तपासणी: चूक फक्त दाखवण्यात आहे का?

डेटाबेसमध्ये शिरून बेरीज सेकंदांत मागा, कुठलंही रूप न देता. तो आकडा ३,६०० ने भागून तुमच्या हाताच्या उत्तराशी जुळला, तर डेटा आणि क्वेरी ठीक आहेत आणि घोळ दाखवणाऱ्या थरात आहे. ही तपासणी पहिली यासाठी की इथली दुरुस्ती एका ओळीची असते आणि डेटाला हात लावावा लागत नाही.

दाखवण्यातले घोळ ठरावीक आहेत. एक्सेल दिवसाला १ धरतो, म्हणजे साडेआठ तास त्याच्या लेखी ०.३५४१६६७. सेलचा फॉरमॅट साधा तास-मिनिटांचा असेल तर पूर्ण दिवस टाकून दिले जातात आणि १७६:३० चं ८:३० दिसतं, कारण १६८ तासांचे सात दिवस झाले. फॉरमॅटमधलं तासाचं अक्षर चौकोनी कंसात टाकलं की पूर्ण तास दिसतात. सेलमधला आकडा मुळात बरोबरच होता.

पीएचपीमध्ये एकूण सेकंद तारखेच्या ‘डेट’ फंक्शनला देऊन तास-मिनिटं छापायची सवय फार जुनी आहे. ते फंक्शन त्या सेकंदांना १ जानेवारी १९७० पासूनचा क्षण समजतं आणि तो क्षण भारतीय वेळेत दाखवतं. साडेसात तासांचं १३:०० होतं. ‘जीएमडेट’ वापरलं तर साडेपाच तास जातात, पण २४ तासांनंतर पुन्हा शून्य होणं राहतंच. जावास्क्रिप्टमध्ये मिलिसेकंदांपासून ‘डेट’ बनवून त्याचे तास विचारले तर हेच दोन्ही दोष एकत्र मिळतात. पायथनमध्ये ‘टाइमडेल्टा’चे ‘सेकंड्स’ मागितले तर फक्त दिवसाच्या आतला उरलेला भाग येतो. पूर्ण कालावधीसाठी ‘टोटल_सेकंड्स’ लागतं.

उपाय सगळीकडे एकच: भागाकार करा. एकूण सेकंद भागिले ३,६०० म्हणजे तास, बाकी भागिले ६० म्हणजे मिनिटं. तारखेच्या फंक्शनला कालावधी देऊच नका.

दुसरी तपासणी: कॉलम कोणत्या प्रकारचा आहे?

टेबलची रचना पाहायला एक मिनिट लागतं, आणि निम्म्या लक्षणांचा उलगडा तिथेच होतो.

कॉलम मजकुराचा असेल, तर मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट बेरीज करताना सुरुवातीचा आकडा घेतात आणि पहिल्या विसर्गचिन्हावर (:) थांबतात. ‘०८:४५’ चे ८ होतात. मिनिटं गायब होण्याचं कारण बहुधा हेच. एरर येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं चालून जातं.

कॉलम ‘टाइम’ प्रकारचा असेल, तर मायएसक्यूएलचं बेरजेचं फंक्शन ‘सम’ त्याला सलग आकडा समजतं. ०८:४५:०० म्हणजे ८४५००, ०८:५०:०० म्हणजे ८५०००, बेरीज १६९५००. कोणीतरी त्यात पुन्हा विसर्गचिन्हं घालतो आणि १६:९५:०० रिपोर्टवर येतं. खरं उत्तर १७:३५. इथे ‘टाइम_टू_सेक’ ने आधी सेकंद करून मग बेरीज करायची. परत फिरवताना मात्र ‘सेक_टू_टाइम’ वर विसंबू नका. मायएसक्यूएलच्या ‘टाइम’ची कमाल मर्यादा ८३८ तास ५९ मिनिटं ५९ सेकंद आहे, म्हणजे ३५ दिवसांना एक तास कमी, आणि ते फंक्शनही तिथेच अडतं. २६ दिवस आठ तास म्हणजे माणशी २०८ तास. चार माणसांचे ८३२ होतात, बसतात. पाचवा माणूस आला की रिपोर्ट अडकला. म्हणून छोट्या डिपार्टमेंटचा रिपोर्ट बरोबर आणि मोठ्याचा चूक, असं विचित्र चित्र दिसतं आणि दोष डिपार्टमेंटच्या सुपरवायझरवर जातो.

एसक्यूएल सर्व्हर इथे जास्त प्रामाणिक आहे. त्याचा ‘टाइम’ २४ तासांच्या आतलाच असतो आणि त्याची बेरीज करायला गेलात तर तो सरळ नकार देतो. पण तिथे सेकंद पूर्णांकात ठेवून ‘सम’ घेतलं तर उत्तरही त्याच साध्या पूर्णांकात येतं, ज्याची मर्यादा २१४ कोटी ७४ लाखांच्या आसपास आहे. सेकंदांत मोजलं तर हे सुमारे ५ लाख ९६ हजार तास. २४० कामगारांच्या वर्षभराच्या तासांना ते पुरत नाहीत आणि वार्षिक रिपोर्ट ‘ओव्हरफ्लो’ म्हणत पडतो. बेरजेच्या आत ‘बिगइंट’ (मोठा पूर्णांक) करून घ्या.

पोस्टग्रेसचा ‘इंटरव्हल’ खऱ्या अर्थाने कालावधीसाठीच बनवलेला प्रकार आहे आणि त्याची बेरीज सरळ होते. त्यातली खाच वेगळी. तो महिने, दिवस आणि दिवसाखालचा वेळ असे तीन भाग वेगवेगळे ठेवतो. दोन क्षणांची वजाबाकी ३० तासांची आली तर तो ‘१ दिवस ०६:००’ असं उत्तर देतो. त्यातून ‘एक्स्ट्रॅक्ट’ ने तास काढले की ६ मिळतात, दिवस बाजूला पडतो. ‘एपॉक’ मागा, १,०८,००० सेकंद मिळतील, आणि मग भागाकार. मशिनच्या ब्रेकडाउनच्या नोंदींत हे हमखास होतं, कारण पाळी आठ तासांत संपते, ब्रेकडाउन दोन-दोन दिवस चालतो.

एक आणखी पाहा: डेटा आत येताना तर बिघडत नाही ना? मायएसक्यूएलला ‘८:३०’ दिलं तर तो साडेआठ तास समजतो. पंचिंग मशिनच्या फाइलमधून विसर्गचिन्हाविना ८३० आलं तर आठ मिनिटं तीस सेकंद. आणि कॉलचा कालावधी ‘१२:४०’ म्हणजे बारा मिनिटं चाळीस सेकंद असेल तर तो बारा तास चाळीस मिनिटांचा कॉल होऊन बसतो.

तिसरी तपासणी: ८.३० म्हणजे नक्की किती?

हा आपल्याकडचा खास घोळ आहे आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा. आपण वेळ लिहिताना सर्रास टिंब देतो. लग्नपत्रिकेपासून मस्टरपर्यंत ‘१०.३०’ म्हणजे साडेदहा. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण डेटाबेसमध्ये दशांशाचा कॉलम केला, त्यात सुपरवायझरने ८.३० टाकलं, की संगणकाच्या लेखी ते आठ तास आणि तासाचे तीन दशांश, म्हणजे अठरा मिनिटं.

हिशोब करून पाहा. २६ दिवस रोज साडेआठ तास म्हणजे २२१ तास. कॉलम बेरीज दाखवतो २१५.८०. पेरोल ते २१५ तास ४८ मिनिटं धरतो. माणसाचे महिन्याला ५ तास १२ मिनिटं गेली, आणि ती गेली हे कळायला त्याच्याकडे काही मार्ग नाही, कारण पावतीवर रोजचा आकडा त्याने सांगितलेलाच आहे. ओव्हरटाइम असेल तर तो दुप्पट दराने देय असतो, म्हणजे नुकसानही दुप्पट. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. तेव्हा तीन रुपये आठ आण्यांना ३.८ लिहून कोणी बेरीज केली असती तर दुकानदाराने वही फेकून दिली असती. तासाला साठ मिनिटं असताना आपण मात्र ते निवांत करतो.

ओळखायचं कसं? कॉलममधल्या सगळ्या आकड्यांचे फक्त दशांश भाग काढा आणि कोणता किती वेळा येतो ते मोजा.

दशांश भाग कधीच .५९ च्या पुढे जात नसेल आणि .१५, .३०, .४५ चा सुकाळ असेल, तर टिंबानंतर मिनिटं आहेत. .२५, .५० आणि .७५ चा सुकाळ असेल, तर खरे दशांश तास आहेत. दोन्ही दिसत असतील, तर दोन माणसांनी दोन पद्धतींनी भरलं आहे. अशा वेळी भरणाऱ्याच्या नावानुसार किंवा डिपार्टमेंटनुसार तीच मोजणी पुन्हा करा. बहुतेकदा चित्र लगेच स्वच्छ होतं: स्टोअरवाले मिनिटं टाकत होते, मेंटेनन्सवाले दशांश. प्रत्येक गटाचं रूपांतर वेगळं करता येतं. आणि सगळे आकडे १ पेक्षा लहान असतील, ०.३५ च्या आसपास, तर ते एक्सेलचे दिवसाचे अंश आहेत. ८६,४०० ने गुणून राउंड करा, नुसतं पूर्णांकात कापू नका, नाहीतर ३०,६०० चे ३०,५९९ होतात.

.५० हा आकडा एकट्याने काही सांगत नाही, हे ध्यानात ठेवा. तो पन्नास मिनिटंही असतो आणि अर्धा तासही. आणि कॉलम ‘फ्लोट’ (दशांश आकड्याचा एक प्रकार) असेल तर ८.३० आणि ८.३ यांत फरकच उरत नाही. कोणी आठ तास तीन मिनिटांसाठी ८.३ लिहिलं होतं की साडेआठसाठी, ते डेटावरून कधीही कळणार नाही. तिथे मस्टरचा कागदच हवा.

पुढे हे होऊ नये म्हणून फॉर्मवर तास आणि मिनिटं असे दोन वेगळे रकाने द्या. ‘टिंब देऊ नका’ अशी सूचना लिहून काही होत नाही.

चौथी तपासणी: क्वेरी

कॉलम नीट असूनही बेरीज चुकत असेल तर आता क्वेरी वाचा. इथे वेळ लागतो.

मायएसक्यूएलमध्ये दोन तारीख-वेळा सरळ वजा चिन्हाने वजा केल्या आहेत का ते आधी पाहा. ९:५५ ला सुरू, १०:०५ ला संपलं, तर तो १००५०० मधून ९५५०० वजा करून ५००० देतो. खरं उत्तर दहा मिनिटं, म्हणजे ६०० सेकंद. गंमत अशी की ९:१० ते ९:४० साठी हेच गणित ३००० देतं, जे ‘३०:००’ म्हणून अगदी बरोबर दिसतं. एकाच तासातली उदाहरणं घेऊन टेस्टिंग केलेलं असतं, ते पास होतं. ‘टाइमस्टॅम्पडिफ’ वापरा आणि एकक सेकंद ठेवा.

एकक सेकंदच का? मायएसक्यूएलचं ‘टाइमस्टॅम्पडिफ’ अपूर्ण भाग टाकून देतं. मिनिटांत मागितलं तर रोजचे सरासरी अर्धं मिनिट जातं, २६ दिवसांत तेरा मिनिटं. एसक्यूएल सर्व्हरचं ‘डेटडिफ’ आणखी वेगळं आहे. ते किती सीमा ओलांडल्या ते मोजतं. ८:५९:५० ते ९:००:१० हे वीस सेकंद, पण तासांत विचारलं तर उत्तर १. ९:००:०० ते ९:५९:५९ साठी उत्तर ०. तीच गत रोजचे तास दोन दशांशांपर्यंत राउंड करून मग मिळवण्याची. आठ तास वीस मिनिटं म्हणजे ८.३३, गुणिले २६ म्हणजे २१६.५८, खरे २१६.६७, पाच मिनिटांची तूट. राउंडिंग शेवटी एकदाच करायचं. कंपनीचा नियमच रोज पंधरा मिनिटांना राउंड करण्याचा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तो नियम कुठेतरी लिहिलेला दाखवायला सांगा.

बरोबर दुप्पट आकडे दिसले तर जॉइन पाहा. हजेरीचं टेबल ब्रेकच्या टेबलाला जोडलं आणि माणसाचे दिवसाला जेवण-चहा असे दोन ब्रेक असले, की हजेरीची ओळ दोनदा येते आणि दोनदा मोजली जाते. एकच ब्रेक घेणाऱ्यांचं बरोबर येतं, म्हणून ‘काही जणांचंच चुकतं’. ब्रेकची बेरीज आधी वेगळी करून, दिवसाला एक ओळ झाल्यावर मग जोडा. बेरजेत ‘डिस्टिंक्ट’ घालून हे दाबू नका. तसं केलं तर एकाच माणसाचे आठ-आठ तासांचे दोन दिवस एकदाच मोजले जातात, आणि आता दुप्पटच्या जागी अर्धं येतं.

रिकाम्या किंवा कमी बेरजेचं कारण साधं: जाण्याचा पंच नाही, म्हणून कालावधी ‘नल’, म्हणजे रिकामा. ‘सम’ तो गुपचूप सोडतं. त्या जागी शून्य घालून टाकायचा मोह होतो, पण मग तो दिवस शून्य तासांचा दिसतो आणि कोणी विचारतही नाही. बेरजेच्या शेजारी ‘अपूर्ण दिवस’ असा वेगळा आकडा छापा. मी हे जिथे केलं तिथे निम्म्या तक्रारी तिथेच संपल्या, कारण लोकांना कळलं की बेरीज बरोबर आहे, पंच राहिला आहे.

पाचवी तपासणी: मध्यरात्र

रात्री दहाला आत, सकाळी सहाला बाहेर. फक्त घड्याळाची वेळ साठवली असेल तर ६ उणे २२ म्हणजे उणे १६. उणे आकडा निदान डोळ्यांत खुपतो. पण कोणीतरी ‘उणे येतंय’ म्हणून निरपेक्ष मूल्य घेतलेलं असतं. मग तिसऱ्या पाळीच्या प्रत्येक माणसाला रोज सोळा तास लागतात, आठ तास ओव्हरटाइमसकट. त्याबद्दल तक्रार करायला अर्थातच कोणी येत नाही. म्हणून तक्रारीची वाट न पाहता स्वतःच शोधा: शून्यापेक्षा कमी आणि बारा तासांपेक्षा जास्त अशा सगळ्या नोंदी काढा.

तात्पुरता उपाय म्हणजे बाहेरची वेळ आतल्या वेळेपेक्षा कमी असेल तर २४ तास मिळवणे. तो एका मध्यरात्रीपुरता चालतो. पंच विसरलेला माणूस किंवा सलग डबल शिफ्ट आली की पुन्हा फसतो. खरा उपाय म्हणजे आत आणि बाहेर, दोन्ही तारखेसकट साठवणे. पाळी कोणत्या दिवसाच्या खात्यात धरायची हा वेगळा प्रश्न आहे, त्यासाठी ‘पाळीची तारीख’ असा स्वतंत्र कॉलम ठेवा.

सहावी तपासणी: साडेपाच तास

फरक नेमका ५:३० असेल आणि पहिल्या तपासणीत दाखवण्याचा दोष निघाला नसेल, तर दोन टोकं दोन वेगळ्या घड्याळांची आहेत. आतला पंच मशिनकडून भारतीय वेळेत आला, बाहेरचा सर्व्हरने स्वतःच्या यूटीसी वेळेत (जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) टाकला. आठ तासांचे अडीच होतात, उलट असेल तर साडेतेरा. मायएसक्यूएलमध्ये ‘टाइमस्टॅम्प’ कॉलम कनेक्शनच्या टाइमझोनप्रमाणे बदलून साठवला आणि दाखवला जातो, ‘डेटटाइम’ जसा दिला तसा राहतो. एका टेबलात दोन्ही प्रकार असतील तर तिथेच शोधा. सर्व्हर क्लाउडवर हलवल्याच्या तारखेपासून दोष सुरू झाला असेल तर संशय पक्का.

याचंच एक लहान भावंड: दिवसानुसार गट करताना यूटीसीची तारीख वापरली तर आपल्याकडे दिवस पहाटे साडेपाचला बदलतो. एक तारखेच्या पहाटेचे पंच मागच्या महिन्यात जातात.

भारतात घड्याळ पुढे-मागे होत नाही, त्यामुळे दोन्ही टोकं भारतीय वेळेत असली तर कालावधी बरोबरच येतो. पण पुण्यात बसून अमेरिकेतल्या प्लांटची हजेरी सांभाळत असाल, तर तिथे बहुतेक राज्यांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे एक तास उडतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास वाढतो. त्या रात्रींची पाळी स्थानिक वेळेने वजा केली तर एक तास चुकणारच. तिथे यूटीसीत साठवण्याला पर्याय नाही.

कॉलमच बदलायचा ठरला तर

वरचं सगळं करून हे नक्की झालं की साठवणच चुकीची आहे, तर मगच. पूर्णांकाचा नवा कॉलम घ्या आणि एकक नावातच लिहा: ‘कालावधी_सेकंद’. नुसतं ‘कालावधी’ नाव ठेवलंत तर दोन वर्षांनी येणारा माणूस त्यात मिनिटं टाकेल. जुना कॉलम तसाच राहू द्या. नवा भरा, एक पूर्ण पगारचक्र दोन्ही समांतर चालवा, फरक पडणाऱ्या ओळी रोज काढा. उणे आकडा येऊच नये असं बंधन टेबलवर घाला. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या ‘चेक’ बंधन वाचतात आणि दुर्लक्षून पुढे जातात, तेव्हा आवृत्ती पाहून घ्या.

आत-बाहेरच्या वेळा असताना कालावधी वेगळा साठवावा का? मोजलेला असेल तर नाही, तो वेळांवरून काढावा. पण सुपरवायझरने मंजूर केलेला ओव्हरटाइम हा निर्णय असतो. माणूस तीन तास थांबला, मंजूर दोनच झाले, तर ते दोन तास साठवायलाच हवेत.

काही डेटा परत मिळणार नाही. ८३८:५९:५९ वर कापली गेलेली किंवा चुकीच्या मजकुराची ००:००:०० झालेली नोंद कुठल्याही क्वेरीने पूर्ववत होत नाही. कच्चे पंच असतील तरच वाचाल.

इथे हात आवरा

बॅकअप नसेल, किंवा आहे पण तो कधी परत चढवून पाहिलेला नसेल, तर चालू टेबलवर एकही बदल करू नका. आधी डेटाबेस सांभाळणारा माणूस बोलवा. टेबल मोठं असेल तर कॉलम बदलताना ते काही काळ लॉक होऊ शकतं आणि पाळी बदलायच्या वेळी गेटवर रांग लागते. वेळही त्यालाच ठरवू द्या.

बायोमेट्रिक मशिनच्या कंपनीचा डेटाबेस असेल तर तो फक्त वाचा. त्यात लिहिलंत तर पुढच्या अपडेटला काय होईल सांगता येत नाही, आणि हजेरीचा मूळ पुरावा तुम्ही बदलला असा अर्थ निघू शकतो.

८.३० वाल्या कॉलममध्ये दोन्ही पद्धती मिसळलेल्या आहेत आणि मस्टर उपलब्ध नाही, तर अंदाजाने रूपांतर करू नका. तो निर्णय एचआरचा आणि कामगारांशी बोलून घ्यायचा आहे, प्रोग्रॅमरचा नाही.

आणि चुकीच्या बेरजेवर पगार वाटून झाले असतील, पीएफ-ईएसआयसीची चलनं भरून झाली असतील, तर क्वेरी दुरुस्त करा पण जुने आकडे गुपचूप बदलू नका. जुन्या आणि नव्या बेरजेतल्या फरकाची यादी काढून अकाउंट्स आणि कामगार कायद्याच्या सल्लागाराकडे द्या. थकबाकी किती मागे जाऊन द्यायची ते तेच सांगतील.

बाहेरचा माणूस बोलावलात तर त्याच्या हातात एवढं ठेवा: डेटाबेसचं नाव आणि आवृत्ती, सर्व्हर आणि कनेक्शनचा टाइमझोन, कॉलमचा प्रकार, एका माणसाच्या एका महिन्याच्या कच्च्या ओळी, सिस्टिमची बेरीज आणि तुमच्या कॅल्क्युलेटरची बेरीज. नावं आणि कर्मचारी क्रमांक खोडून.